पाण्याच्या पंचांगाने आफ्रिका

जुलैत बोट्स्वानामध्ये हिवाळा असतो. पाऊस थांबून तीन महिने झालेले असतात, गवत वाळून पिवळं पडलेलं असतं आणि कलहारीची रेती कोरडी ठणठणीत असते. नेमक्या याच दिवसांत ओकावांगोला पूर येतो. आभाळात ढगाचा ठिपका नसताना पाणी चढत जातं, आणि महिन्यापूर्वी जीप जात होती त्या वाटेवर होडी लागते.

हे पाणी इथल्या पावसाचं नसतं. उत्तरेला अंगोलाच्या उंच पठारावर डिसेंबर ते मार्च पाऊस पडतो. कुबांगो आणि क्विटो या दोन नद्या ते पाणी खाली आणतात, त्यांची मिळून ओकावांगो होते, आणि ही नदी समुद्राकडे न वळता वाळवंटात शिरते. तिथे जमीन इतकी सपाट आहे की अडीचशे किलोमीटरच्या अंतरात उतार जेमतेम साठ मीटरचा. त्यामुळे पाणी धावत नाही. पपायरसच्या दाटीतून, लव्हाळ्यांतून, पाणघोड्यांनी मोकळ्या ठेवलेल्या वाटांमधून ते हळूहळू पसरत राहतं. जानेवारीत अंगोलात पडलेला पाऊस माउन गावापर्यंत पोचायला जून-जुलै उजाडतो. तोवर बाकीचा मुलूख तहानलेला असतो, म्हणून हत्ती, म्हशी, झेब्रे सगळे इथे गोळा होतात. पाणी उशिरा येतं हीच या जागेची पुण्याई आहे. पावसाळ्यातच पूर आला असता तर प्राण्यांना त्याची एवढी गरज पडली नसती.

यातलं जवळजवळ सगळं पाणी झाडं शोषतात किंवा उन्हात उडून जातं. पुढे वाहून जातो तो अगदी थोडा अंश. खरं तर अशा ठिकाणी मीठ साचून खारट दलदल व्हायला हवी होती. ओकावांगोचं पाणी मात्र गोडं राहतं, कारण मधल्या हजारो लहान बेटांवरची झाडं मुळांनी पाणी खेचतात आणि त्यातले क्षार बेटाच्या पोटात साठत जातात. विमानातून पाहिलं तर कित्येक बेटांच्या कडेला हिरवी झाडी आणि मधोमध पांढरट, उजाड चकती दिसते. यातल्या बऱ्याच बेटांची सुरुवात वाळवीच्या वारुळापासून झालेली असते. वारूळ पाण्याच्या वर राहतं, त्यावर पक्षी बसतात, त्यांच्या विष्ठेतून बी पडतं, झाड उगवतं आणि बेट वाढायला लागतं. २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ओकावांगो आलं, तेव्हा ते त्या यादीतलं हजारावं ठिकाण होतं. इथे मोकोरोत बसायला हवं. एका खोडातून कोरलेली ही अरुंद होडी नावाडी उभं राहून लांब काठीने ढकलतो. आता झाडं वाचावीत म्हणून बऱ्याच मोकोरो फायबरच्या असतात, पण त्यामुळे आनंद कमी होत नाही. इंजीन नसल्यामुळे कमळांच्या पानांवर चालणारा जकाना पक्षी हातभर अंतरावरून उडतो.

ओकावांगोपासून सुरुवात केली, कारण आयुष्यात एकदा तरी पाहावं अशा जागांच्या ज्या याद्या आपण वाचतो त्यांत ठिकाणांची नावं असतात, महिने फारसे नसतात. आफ्रिकेच्या बाबतीत हे फार नुकसानीचं आहे. हा खंड ३ कोटी चौरस किलोमीटरचा, म्हणजे भारताच्या नऊपटीहून मोठा. संयुक्त राष्ट्रांचे ५४ सदस्य देश इथे आहेत. विषुववृत्त खंडाच्या मधून जातं आणि पावसाचा पट्टा सूर्याच्या मागोमाग वर्षभर उत्तर-दक्षिण फिरतो. जून ते सप्टेंबर तो उत्तरेला, इथिओपिया आणि मालीकडे असतो. नोव्हेंबर ते मार्च तो दक्षिणेला, झाम्बिया आणि अंगोलाकडे. मधल्या केनिया-टांझानियावरून तो जाताना एकदा आणि येताना एकदा बरसतो, त्यामुळे तिथे मार्च ते मे मोठा पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर लहान पाऊस अशी दोन पर्वं असतात. प्राणी, नद्या, सण, इमारतींची डागडुजी, जुन्या काळचा समुद्रप्रवास, सगळं या पट्ट्याच्या तालावर चालतं. माझं सांगणं एवढंच, की आफ्रिकेची यादी करायची तर आधी पाण्याचं पंचांग उघडावं आणि मग नकाशा.

सेरेंगेटीचं उदाहरण घ्या. तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट, जोडीला लाखोंच्या संख्येने झेब्रे आणि गझेल हरणं, टांझानियातलं सेरेंगेटी आणि केनियातलं मसाई मारा यांच्यामधून वर्षभर गोल फिरत असतात. जाहिरातीत आपण पाहतो ते जुलै ते ऑक्टोबरमधलं मारा नदी ओलांडणं. मगरी, चेंगराचेंगरी, धुरळा. पण हा त्या चक्राचा एक तुकडा आहे. चक्राचा उगम दक्षिणेला, न्दुतूच्या आसपासच्या आखूड गवताच्या मैदानात आहे. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत सगळे कळप तिथे असतात आणि फेब्रुवारीत दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं जन्माला येतात. पिल्लू काही मिनिटांत उभं राहतं आणि आईबरोबर पळायला लागतं. सगळ्या माद्या एकाच वेळी वितात यात मोठं शहाणपण आहे. सिंह, तरस, चित्ते कितीही खाऊ लागले तरी त्यांच्या पोटाला मर्यादा असते, आणि बहुतेक पिल्लं त्या पहिल्या धोक्याच्या दिवसांतून वाचतात.

पण तिथेच का? त्या मैदानात बारमाही पाणी नाही, सावलीला झाड नाही. उत्तर जमिनीत आहे. पूर्वेच्या ङोरोंगोरो डोंगररांगेतल्या ज्वालामुखींची राख वाऱ्याने येऊन इथे थरावर थर बसली. त्या रांगेजवळचा ओल दोइन्यो लेंगाई आजही जागा आहे. या राखेतून आलेल्या कॅल्शियम आणि फॉस्फरसमुळे इथलं आखूड गवत विलक्षण पौष्टिक झालं, दूध पाजणाऱ्या माद्यांना नेमकं तेच हवं असतं. राखेतल्या चुन्याचा खाली घट्ट थर जमला, झाडांची मुळं त्यातून आत जाऊ शकत नाहीत, म्हणून मैदान उघडं राहिलं. उघड्या मैदानात शिकारी प्राणी लांबूनच दिसतो. मे महिन्यात पाऊस संपला की हे वैभव वाळून जातं आणि कळप वायव्येला, मग उत्तरेला मारा नदीच्या बारमाही पाण्याकडे निघतात. चालीतही एक क्रम आहे. झेब्रा उंच, राठ गवत खातो, त्यामागून विल्डबीस्ट मधली पाती, आणि शेवटी गझेल जमिनीलगतचे कोवळे कोंब.

नदी ओलांडताना मगरींपेक्षा बुडून मरणारे जास्त असतात. मारा नदीवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार दरवर्षी सरासरी सहा हजारांवर विल्डबीस्ट बुडतात. मांस गिधाडं, मगरी आणि मासे संपवतात, हाडं मात्र विरघळायला सात वर्षं घेतात आणि तोवर नदीला फॉस्फरस पुरवत राहतात. काठावर उभं राहून मरणं बघणाऱ्याला नदीचं हे जगणंही ठाऊक असावं.

हे दृश्य युगानुयुगं असंच चाललं आहे, असं वर्णन सर्रास होतं. ते खरं नाही, आणि खरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. १८८० च्या दशकाच्या अखेरीस गुरांबरोबर बुळकांडीचा रोग पूर्व आफ्रिकेत आला. आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या मागच्या पिढ्यांना या रोगाचं नाव ऐकूनच धडकी भरायची. १८९० च्या दशकात त्याने आफ्रिकेतली बहुतेक गुरं मारली, मसाई लोकांवर भीषण दुष्काळ ओढवला, आणि विल्डबीस्ट पटापट मेले. १९६१ च्या सुमारास सेरेंगेटीत अडीच लाखांच्या आसपासच विल्डबीस्ट उरले होते. मग आजूबाजूच्या गुरांचं लसीकरण झालं, जंगली प्राण्यांमधूनही रोग हटला, आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात संख्या तेरा लाखांच्या पुढे गेली. म्हणजे आज आपण पाहतो तो अथांग कळप लसीने परत मिळवून दिलेला आहे. २०११ मध्ये बुळकांडी जगातून नष्ट झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने संपूर्ण उखडून टाकलेला हा दुसराच रोग.

आणि एक गोष्ट. सेरेंगेटी माणसांविना रिकामं दिसतं ते १९५९ पासून. त्या वर्षी तिथल्या मसाई पशुपालकांना बाहेर काढून ङोरोंगोरोच्या भागात हलवलं गेलं. जमिनीच्या हक्काचा तो झगडा अजून मिटलेला नाही. सफारीला गेल्यावर मसाई गाईड भेटला तर त्याला सिंहाबरोबर हेही विचारावं.

आता दक्षिणेला, झाम्बेझी नदीवर. झाम्बिया आणि झिम्बाब्वे यांच्या सीमेवरचा व्हिक्टोरिया धबधबा, स्थानिक नावाने मोसी-ओआ-तुन्या, १,७०८ मीटर रुंद आणि १०८ मीटर उंच आहे. डेव्हिड लिव्हिंग्स्टनने तो नोव्हेंबर १८५५ मध्ये कड्याच्या काठावरच्या एका बेटावरून पाहिला, म्हणजे वर्षातल्या अगदी कमी पाण्याच्या दिवसांत. त्याने एप्रिल निवडला असता तर त्याची होडी त्या बेटापर्यंत पोचलीच नसती. एप्रिलच्या मानाने नोव्हेंबरात पाणी साधारण दहाव्या हिश्शावर येतं, आणि झाम्बियाच्या बाजूचा बराचसा कडा उघडा पडतो. त्यामुळे ऐन पावसाळ्याच्या तोंडाशी, नोव्हेंबरात, पोचून काळा कोरडा कातळ पाहून परतणारे प्रवासी दरवर्षी असतात. त्या दिवसांत झिम्बाब्वेच्या बाजूने बघावं, तिथे मुख्य धार टिकून असते. एप्रिलमध्ये उलट अडचण होते. खालच्या अरुंद घळईतून तुषार इतके वर उसळतात की समोरचा धबधबाच दिसत नाही, फक्त कानांना आणि छातीला कळतो. माझ्या मते दोन्ही टोकं टाळून मेअखेर ते जुलै हा काळ सर्वांत चांगला, पाणी भरपूर आणि दृष्टीही मोकळी. पौर्णिमेच्या आसपास दोन्ही बाजूंची उद्यानं रात्री उघडी ठेवतात, तेव्हा चंद्रप्रकाशातलं इंद्रधनुष्य दिसतं.

धबधब्याच्या खाली नदी नागमोडी घळयांतून जाते. त्या प्रत्येक वळणावर कधी काळी धबधबा होता. बसाल्ट खडकात आडव्या-तिरप्या भेगा आहेत, त्यांत मऊ माती-खडक भरलेला. नदी एक भेग कोरत राहते, कडा मागे सरकतो, मग पुढची भेग सापडते. आजच्या धबधब्याच्या पश्चिम टोकाला पुढची भेग कोरली जाताना दिसते.

याच नदीच्या वरच्या भागात, पश्चिम झाम्बियात, एक सोहळा होतो. पर्यटनाच्या याद्यांत तो क्वचित सापडतो, म्हणून मुद्दाम थोडं थांबून सांगतो. बारोत्से नावाचं विस्तीर्ण पूरमैदान आहे आणि तिथे लोझी लोक राहतात. त्यांच्या राजाला लितुंगा म्हणतात. वर्षाचे कोरडे महिने तो मैदानातल्या लेआलुई इथे राहतो. मार्च-एप्रिलमध्ये पूर मैदानात चढला की तो दरबारासह उंचावरच्या लिमुलुंगा इथल्या वाड्यात मुक्काम हलवतो. या स्थलांतराचं नाव कुओम्बोका. आदल्या दिवशी मोठे नगारे वाजतात. नालिक्वांडा नावाची राजाची अवाढव्य होडी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी रंगवलेली असते, तिच्या छतावर हत्तीची प्रतिमा असते, आणि डझनावारी वल्हेकरी एका ठेक्यात वल्हवतात. तारीख छापील दिनदर्शिकेत आधीपासून नसते, पाणी किती चढलं ते पाहून ठरते. पूर कमी आला त्या वर्षी सोहळा होत नाही. म्हणूनच ज्याला तो पाहायचा असेल त्याने विमानाचं तिकीट लवचिक ठेवावं. पुराशी भांडत न बसता, त्याच्या येण्याचा उत्सव करून उंचावर जाणारं हे राज्य पाहण्याची माझी फार इच्छा आहे.

पाणी जिथे नाहीच, तिथेही गोष्ट पाण्याचीच. नामिबियाच्या किनाऱ्यालगत अटलांटिक महासागरातला बेंग्वेला हा थंड प्रवाह वाहतो. त्यावरची हवा गार होते, वर चढत नाही, पाऊस पडत नाही, आणि नामिब वाळवंट तयार होतं. पण तीच गार हवा धुकं आणते. पहाटे एक काळा भुंगेरा वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर जातो, डोकं खाली आणि पाठ वर करून वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो. धुक्याचे थेंब पाठीवर जमतात आणि ओघळून तोंडात जातात. तिथली वाळूही पाण्यानेच आणली आहे. दक्षिणेला ऑरेंज नदी ती समुद्रात टाकते, प्रवाह आणि लाटा ती किनाऱ्याने उत्तरेला ढकलतात आणि वारा आत उडवतो. सोसुसफ्लेईजवळ डेडफ्लेई नावाची पांढऱ्या मातीची वाटी आहे. एकेकाळी त्साउखाब नदीचं पाणी तिथपर्यंत यायचं, बाभळीच्या जातीची झाडं वाढली होती. मग टेकड्यांनी नदीची वाट अडवली. ती झाडं मरून शेकडो वर्षं झाली, पण हवा इतकी कोरडी की ती कुजली नाहीत, काळी होऊन उभी आहेत. लालसर टेकड्या, पांढरी जमीन, काळी झाडं. सकाळी लवकर जावं, कारण तासाभरात सावल्या निघून जातात आणि उन्हाळ्यात ऊन सोसवत नाही.

उत्तरेच्या पावसाने घडवलेल्या दोन जागा माझ्या यादीत एकमेकींना बांधलेल्या आहेत, अंतर कितीही असलं तरी. पहिली इथिओपियातलं लालिबेला. बाराव्या शतकाच्या अखेरीस आणि तेराव्याच्या आरंभी होऊन गेलेल्या लालिबेला राजाच्या नावाशी जोडलेली तिथली अकरा चर्च खडकात कोरलेली आहेत. बेते गियोर्गिस हे क्रुसाच्या आकाराचं चर्च जमिनीच्या पातळीवरून खाली, साधारण बारा मीटर खोल उतरलेलं आहे. वरून पाहिल्यावर आधी छप्पर दिसतं, दार सगळ्यात शेवटी. मराठी माणसाला इथे वेरूळचं कैलास आठवल्यावाचून राहणार नाही, कारण रीत तीच आहे: आधी शिखर, मग पाया. कैलास लालिबेलाच्या चारेकशे वर्षं आधीचं. दोन्हीकडच्या कारागिरांचा एकमेकांशी संबंध असल्याचा पुरावा नाही. पण एक माणूस या दोन मुलुखांना खरोखर जोडतो. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनमध्ये आला, निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, मुघलांशी झुंजला आणि त्याने खडकी वसवलं, तेच पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. त्या कोरड्या गावाला त्याने जमिनीखालून नहरीने पाणी आणलं. त्याची कबर खुलताबादला आहे, वेरूळच्या लेण्यांपासून अगदी जवळ.

लालिबेलाच्या चर्चभोवतीचे चर नीट पाहावेत. जून ते सप्टेंबर तिथे जोरदार पाऊस होतो. खड्ड्यात कोरलेली इमारत म्हणजे पाणी साचायला आयतीच जागा, म्हणून बांधणाऱ्यांनी उतार आणि चरांची सगळी व्यवस्था आधीच केली होती. तरी आठशे वर्षांच्या पावसाने दगड झिजलाच आहे आणि काही चर्चवर आता आधुनिक छपरं उभारावी लागली आहेत. जायचं तर ७ जानेवारीला गेन्नासाठी, म्हणजे तिथल्या नाताळासाठी, किंवा १९ जानेवारीच्या तिम्कतसाठी. तिम्कत हा ख्रिस्ताच्या स्नानसंस्काराचा, पाण्याचाच सण आहे. पांढऱ्या वस्त्रांतले हजारो यात्रेकरू दूरदूरच्या गावांतून चालत येतात. गेल्या काही वर्षांत त्या प्रदेशात संघर्ष झाला आहे, तेव्हा निघण्याआधी परिस्थितीची ताजी माहिती घेणं अत्यावश्यक आहे.

दुसरी जागा इजिप्त. लालिबेलाच्याच पठारावरचा पाऊस निळ्या नाइलमधून खाली जातो आणि इजिप्तला पोचणारं बहुतांश पाणी तोच पुरवतो. प्राचीन इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ नसताना दर उन्हाळ्यात पूर का येतो, हे हजारो वर्षं कोडं होतं. कैरोच्या रोदा बेटावर नवव्या शतकातला नाइलमापक आहे. विहिरीसारख्या खोल चौकात उभा कोरीव, खुणा केलेला स्तंभ. पाणी त्यावर किती चढलं यावरून पीक आणि करआकारणी यांचा अंदाज बांधला जाई. पिरॅमिड पाहायला जाणाऱ्यांपैकी फार थोडे तिथे वळतात, याचं मला वाईट वाटतं. १९७० मध्ये आस्वानचं मोठं धरण पूर्ण झालं आणि तो पूर कायमचा थांबला. त्या धरणाच्या जलाशयात दुसऱ्या रामसेसचं अबू सिंबेल बुडणार होतं. १९६४ ते १९६८ या काळात युनेस्कोच्या मोहिमेने ते देऊळ हजारावर तुकड्यांत कापलं आणि ६५ मीटर उंचावर, सुमारे २०० मीटर मागे पुन्हा जोडलं. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला उगवत्या सूर्याचे किरण गाभाऱ्यापर्यंत पोचतात. चारपैकी तीन मूर्ती उजळतात. चौथा प्ताह, पाताळाशी नातं सांगणारा देव, अंधारातच राहतो. कापून हलवलेल्या देवळात ही रचना पुन्हा साधली, यातल्या अभियंत्यांना मी त्या मूळ शिल्पींच्या जोडीला बसवतो.

मालीतल्या जेन्नेच्या मातीच्या मशिदीबद्दल थोडक्यात. आजची इमारत १९०७ मधली आहे. पावसाआधी, साधारण एप्रिलमध्ये, सगळं गाव मिळून तिला नवा गिलावा करतं. भिंतीतून बाहेर आलेल्या ताडाच्या वाशांवर पाय ठेवून तरुण वर चढतात, म्हातारे गवंडी खालून सांगतात. सध्या तो भाग प्रवासासाठी सुरक्षित नाही, त्यामुळे हे नाव यादीत ठेवायचं आणि चांगल्या दिवसांची वाट पाहायची.

पूर्व किनाऱ्यावर पंचांग वाऱ्याचं आहे, पण ते आपल्या पावसाचंच. स्वाहिली खलाशी दोन वारे मानतात. डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून वाहणारा कास्काझी, आणि एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत दक्षिणेकडून वाहणारा कुसी. हाच कुसी पुढे अरबी समुद्रावरून वळून नैऋत्य मोसमी वारा म्हणून कोकणावर आदळतो. कास्काझीने आफ्रिकेला जायचं, कुसीने परतायचं, असा हजारेक वर्षांचा व्यापार होता. १४९८ च्या एप्रिलात वास्को द गामा मालिंदीहून स्थानिक वाटाड्या घेऊन निघाला आणि महिन्याच्या आत कालिकतजवळ पोचला. परत निघाला तो ऑक्टोबरात, गोव्याच्या दक्षिणेच्या अंजदीव बेटावरून, ईशान्येचा वारा धरायच्या आत. मालिंदी गाठायला जानेवारी उजाडला आणि वाटेत इतके खलाशी मेले की चालवायला माणसं नाहीत म्हणून एक जहाज जाळून टाकावं लागलं.

याच किनाऱ्यावरच्या मोम्बासाचा फोर्ट जीझस किल्ला पोर्तुगिजांनी १५९३ मध्ये बांधायला घेतला, त्याचा आराखडा करणारा जोव्हान्नी बात्तिस्ता काइराती पोर्तुगीज हिंदुस्थानचा मुख्य वास्तुकार होता, आणि किल्ल्याचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चाले. १६९६ मध्ये ओमानी फौजांनी वेढा घातला तो पावणेतीन वर्षं चालला. मदतीला गोव्याहून आलेलं सांतो आंतोनियो दि ताना हे लढाऊ जहाज १६९७ मध्ये किल्ल्याखालीच बुडालं. ते बांधलं होतं वसईला, १६८१ मध्ये, आणि नावातलं ‘ताना’ म्हणजे आपलं ठाणं. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी त्याचं उत्खनन केलं, आणि सापडलेल्या वस्तू किल्ल्यातल्या संग्रहालयात आहेत. केनियाच्या बहुतेक सहली माराहून थेट विमानतळावर परततात. मराठी प्रवाशाने तरी एक दिवस काढून मोम्बासाला जावं. तिथल्या रस्त्यांवर गोरखचिंचेची प्रचंड खोडं दिसतील, तीच आपल्या वसईच्या आणि मुंबईच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून आलेली. रात्री फुलतात, वटवाघळं परागीभवन करतात, आणि खोडात पाणी साठवून कोरडे महिने काढतात.

रवांडा आणि युगांडातल्या डोंगरी गोरिलांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. संख्या हजाराच्या थोडी पुढे गेली आहे, एका कुटुंबाजवळ एकच तास थांबता येतं, आणि रवांडाचा परवाना माणशी १,५०० डॉलर आहे. महाग खरा, पण त्यातला काही वाटा आसपासच्या गावांना मिळतो आणि जंगल टिकण्यामागे तो पैसा आहे. जून ते सप्टेंबर तिथली चढण कमी निसरडी असते.

आपल्या सुट्ट्यांशी हे पंचांग जुळवायचं तर मे महिन्यात केनिया-टांझानिया टाळावं, मोठ्या पावसाचा शेवट असतो आणि कच्चे रस्ते चिखलात रुततात. दिवाळी लवकर आली तर अबू सिंबेल साधतं, आणि सेरेंगेटीच्या उत्तर टोकाला कळपही सापडू शकतात. केनिया, युगांडा, इथिओपिया यांसारख्या देशांतून परतताना पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र भारतात उतरताना दाखवावं लागतं. ही लस फक्त अधिकृत केंद्रांवर मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये. नसलं तर परतल्यावर विलगीकरणात राहावं लागतं.

एकाच फेरीचे पैसे असतील तर मी फेब्रुवारीतलं न्दुतू निवडेन. मारा नदीच्या काठी जुलै-ऑगस्टात गाड्यांची गर्दी होते, कधी कधी त्या गाड्याच कळपाच्या वाटेत उभ्या राहतात, आणि ओलांडणं पाहायला मिळेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. न्दुतूला मैदान मोकळं असतं, गाडी रस्ता सोडून लांब थांबवून तास न् तास बसता येतं, आणि एखादी मादी विताना दिसण्याची शक्यता चांगली असते. घरात दहावी-बारावीची परीक्षा असेल तर फेब्रुवारी जमणार नाही. अशांनी मेच्या अखेरीस झाम्बेझीकडे जावं, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी आणि स्वतःला चांगला रेनकोट घेऊन.